कोपऱ्यांचे तट्टे

बाई,

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुम्हाला जाऊनच आता पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि मला जे सांगायचं आहे ते त्याच्याही पंधरा-सोळा वर्षं आधीचं आहे. तेव्हा लिहिलं असतं तर एका कार्डात मावलं असतं. लिहायला बसलो नाही असं नाही. घुग्घुसला असताना दोनदा कार्ड आणलं, एकदा पत्ता घातला, आणि मग वाटलं की कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचेल, कोंबड्यांच्या केंद्रातला शिपाई वाचेल, तुमच्या हाती पडायच्या आधी सगळ्या नागभीडला कळेल. म्हणून फाडलं. तुम्हाला माझी रीत माहीत आहे. अक्षरही तसंच आहे, सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचं. पिल्लांच्या खोलीच्या दारावरच्या पाटीवर मी रोज पिल्लांचा आकडा लिहायचो, तो पाहून तुम्ही म्हणाला होता, "हे लिवलं का त्यावरून पिल्लू चाललं रे?" तेव्हा राग आला होता. आता लिहिताना हसू येतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी आलो नाही. कळलं होतं, आठ दिवसांनी का होईना. आलो नाही ते ज्या कारणाने, तेच सांगायला हे पत्र.

ऐंशीनंतरची ती दोन-तीन सालं. केंद्रावर मी रोजंदारीवर लागलो तेव्हा तिशीतला बाप्या होतो, पण कोंबडीची पिल्लं हातात घ्यायलाही भीत होतो. छोट्या लाइनच्या गाडीने पिल्लांचे खोके नागभीडला उतरायचे, भोकं पाडलेले, आणि आतून सारखी चिवचिव. तुम्ही खोक्याला कान लावायच्या आणि उघडायच्या आधीच सांगायच्या की यातली किती सुस्त आहेत. मग ती उबेची खोली. खाली धानाच्या तुसाची गादी, भोवती बांबूच्या तट्ट्याचं गोल कुंपण, मधोमध पत्र्याची छत्री आणि तिच्यात बल्ब. दर आठवड्याला बल्ब एक वीत वर जायचा, आणि ती वीत तुमच्याच हाताची असायला लागायची. माझा पंजा मोठा म्हणून तुम्ही मला मापू द्यायच्या नाहीत. बल्बची लाइन गेली की माझा जीव अर्धा व्हायचा. मी पळत येऊन विचारायचो, "बाई, आता काय करू? बाई, मरतील का?" तुम्ही कोळशाच्या शेगडीवर राख सारता सारता म्हणायच्या, "काऊन मरतील? तूच त्यायले भेव घालून राह्यला. उभा राह्य आन् ऐक. पिल्लू थंडीनं वरडते तवा येगळं वरडते." मी ऐकायचो. मला सगळी ओरड सारखीच वाटायची.

पाच आठवडे झाले की बाहेरच्या घरात न्यायची वेळ. हे काम मला सगळ्यांत अवघड वाटायचं, अजूनही वाटतं. खोलीत निदान दार लावता येतं. बाहेर मुरमाच्या ओट्यावर तुम्ही बांधून घेतलेलं ते घर, मागे कुडाची भिंत, तीन बाजूंनी नुसती जाळी, वर कौलं, आणि पलीकडे पन्नास पावलांवर जंगल सुरू. पिल्लू न्यायचं की नाही हे तुम्ही तारीख पाहून ठरवत नव्हतात. एकेक उचलायच्या आणि पाठीवर फुंकर मारायच्या. फुंकरीने पिसं सरकून खालची गुलाबी कातडी दिसली तर ते आणखी चार दिवस आत. नाही दिसली तर टोपलीत. आणि बाहेरच्या घराच्या चारी कोपऱ्यांत तट्टे आडवे वाकवून सुतळीने खांबांना बांधलेले, म्हणजे कोपरा गोल होतो. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "पिल्लू भेलं का कोपरा पाह्यते. एक घुसलं का त्याच्यामागं दुसरं, त्याच्यावर तिसरं. खालचं गुदमरते. कोपराच नाई ठेवला त मरन कुठी?" हे मला पाठ होतं, बाई. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

त्या वर्षी दसऱ्याला तुम्ही नेहमीसारख्या दीक्षाभूमीला निघालात. तुमच्या वस्तीतली सगळी माणसं निघाली होती, तुमची लेकही, पाचवीत होती ती तेव्हा. पांढरं लुगडं नेसून तुम्ही सकाळी केंद्रावर आलात, हातात भाकरीची पिशवी, आणि मला म्हणालात की पहिला दीडशेचा गट आज तूच बाहेर ने. मी म्हटलं, "बाई, तुम्ही आल्यावर नेऊ. दोन दिवसांनी काय बिघडतं?"

"बिघडते. खोलीत दाटी झाली, एकमेकाची शेपटी टोचून राह्यले. पाऊस गेला, थंडी अजून आली नाई. हेच आठ दिवस असतात. मी हाय का जन्मभर तुह्या मांगं?"

"पण रात्री गारठा पडला तर?"

"पिसं कायले देल्ली त्यायले? आन् हे पाह्य, एकदा बाहेर नेल्यावर परत आत आनाचं नाई. आन् तिथी काही नवीन करजो नको. जसं हाय तसं ठेव."

जसं आहे तसं ठेव. एवढंच सांगून तुम्ही गेलात.

सकाळ मात्र चांगली गेली, हे सांगितलं पाहिजे. मी एकेकाला फुंकर मारली, माझ्या तोंडाला कोरड पडेपर्यंत. टोपल्या भरल्या, वर ओला फडका टाकला, आणि पाच खेपांत दीडशे पिल्लं बाहेर नेली. घरात सोडली तर सगळी ओळीने भिंतीला चिकटून उभी. वाऱ्याने त्यांची पिसं उलटी व्हायची आणि ती एकदम खाली बसायची, जणू कुणी डोक्यावर हात ठेवला. मग एक तुरेवालं पिल्लू पुढे आलं, जाळीतून आत आलेल्या गवताच्या काडीला चोच मारली, आणि अर्ध्या तासात सगळी कण्यांच्या ताटल्यांभोवती. दुपारी ती उन्हात पंख पसरून आडवी पडली, तेव्हा मला वाटलं मेलीच. जाळीतून काडी घालून एकाला हलवलं, तर ते रागाने उठून दुसरीकडे जाऊन पडलं. त्या दुपारी मी सुखी होतो, बाई. डबा खाताना मी मनातल्या मनात तुम्हाला सांगत होतो की पाहा, एकही गेलं नाही.

दिवस कलला आणि जंगलाकडून वारा सुटला. ढग आले. गारठा काही खास नव्हता, आता समजतं, पण मी तेव्हा अंगावर घोंगडी घेतली होती आणि वाटलं मला घोंगडी लागते तर यांना काय होत असेल. गोणपाटं होती दोनच. ती दोन बाजूंना बांधली, तिसरी बाजू, नेमकी वाऱ्याची, उघडी राहिली. मी इकडे तिकडे पाहिलं. केंद्रात दुसरं काही नव्हतं. कोपऱ्यात तट्टे होते.

चारही सोडले. वाऱ्याच्या बाजूला एकाला एक लावून बांधले. मग घरी वासरांच्या गोठ्यात आम्ही करतो तसं केलं. एका खापरात गोवरी पेटवून तिचा नुसता धूर होऊ दिला आणि ते मधे ठेवलं, ऊब राहावी आणि डास जावेत म्हणून. वासरं त्या धुरात मजेत रवंथ करतात. सगळं नीट बंद केलं, बाहेरून चाचपून पाहिलं, कुठून वारा येत नाही ना. आणि जाऊन झोपलो. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या महिन्यातली ती माझी पहिली बिनघोर झोप होती.

फटफटीत उजाडल्यावर दार उघडलं. पाऊस आलाच नव्हता, आभाळ धुतल्यासारखं होतं. धूर दाराच्या बाजूला कोंडलेला, म्हणून पिल्लं मागच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत गेली होती. वरची उठली आणि कण्यांकडे धावली. खालची उठली नाहीत. तेवीस होती. मी ती ओट्यावर ओळीने मांडली आणि पुन्हा पुन्हा मोजली, कमी होतील असं वाटत होतं की काय, देव जाणे. ते तुरेवालं पिल्लू जिवंत होतं, एवढं मला आठवतं, कारण ते माझ्या पायाच्या अंगठ्याला चोच मारत होतं आणि मला ते सहन होत नव्हतं.

त्यानंतर जे केलं ते मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. खापर फेकलं. गोणपाटं घडी करून जागेवर ठेवली. तट्टे पुन्हा कोपऱ्यात लावले, सुतळीने नीट बांधले. मागे खड्डा करून तेवीस पिल्लं पुरली. मग पकड घेतली आणि खालच्या अंगाला जाळीची एक बाजू उसवून वाकवली, हात जाईल एवढी. आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात तेव्हा म्हणालो, "बाई, रानमांजर आलं."

नेमके तालुक्याचे साहेब त्याच वेळी जीपने आले होते. तुमच्या खांद्यावर अजून पिशवी होती. तुम्ही भोकाजवळ बसलात, तारेवरून बोट फिरवलं.

"किती?"

"तेवीस. मागे पुरली."

"आन् सारी पुरली? नेलं नाई एकबी? तेवीस मारले आन् उपाशी गेलं मांजर?"

मी घाईत म्हणालो, "नेली ना बाई. चार नेली."

"म्हणजे पुरली एकोणीस."

"हो. एकोणीस."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. घरात शिरलात, कोपऱ्यापाशी थोडा वेळ उभ्या राहिलात, मग बाहेर आलात. साहेबांनी विचारलं, जाळी कोण पाहतं? माझ्या घशात शब्द आला होता, बाई, शपथेवर सांगतो. पण तुम्ही आधी बोललात. "मी पाह्यते साहेब. जाताना पाहाची राह्यली." साहेब म्हणाले, "तुमचा परमनंटचा कागद वर गेलेला आहे बाई. अशा वेळी असं नको होतं." आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या वहीतलं ते वाक्य मी पाहिलं नाही, पण ते मी रोज वाचलं. घुग्घुसच्या कोळशाच्या गाड्या भरताना वाचलं, लेकीच्या लग्नात वाचलं, काल-परवापर्यंत वाचत होतो.

साहेब गेल्यावर तुम्ही मला बोललात का? एक शब्द नाही. जाळी शिवलीत, हात धुतले, आणि म्हणालात, "उद्या दुसरा गट न्याचा हाय. तूच नेशीन." मी म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही म्हणालात, "होते. मी इथी बसून राह्यते, बोलत नाई." आणि खरंच दुसऱ्या दिवशी तुम्ही उंबरठ्यावर बसून तांदळातले खडे निवडत राहिलात. मी पुन्हा फुंकरा मारल्या, टोपल्या वाहिल्या. संध्याकाळी वारा आदल्या वेळेपेक्षा जास्त होता. मी तीनदा तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान वर केली नाही. आम्ही दोघांनी काही झाकलं नाही. सकाळी सगळी जिवंत, अगदी सगळी, आणि भुकेने दारावर आलेली. मी तुम्हाला हाक मारली तर तुम्ही आतूनच म्हणालात, "मंग? मले काऊन दाखवून राह्यला? त्यायले कण्या दे."

तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही जागा करून दिली होती, आता कळतं. मी आठ दिवस सांगू सांगू म्हणत राहिलो आणि नवव्या दिवशी घुग्घुसला पळालो, मामेभावाकडे. भरलेल्या दिवसांचा पगारही मागायला आलो नाही. पुढे कुणीतरी नागभीडचं भेटलं, म्हणालं की बाईंची परमनंटची ऑर्डर काही निघाली नाही बा यंदा. मला कारण विचारायची गरज नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात चंद्रपूरला डोळ्याच्या दवाखान्यात गेलो होतो. खिडकीवर विचारत होतो की माझी चिठ्ठी गहाळ तर झाली नाही ना, तिसऱ्यांदा विचारत होतो असं तो पोरगा म्हणाला, तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "भाऊ, तुम्ही कोंबड्यायच्या केंद्रात होते का? नागभीडकडं?" केस पांढरे, चष्मा, यजमानांना दाखवायला आलेली. मी म्हटलं, हो, पण तुम्ही कोण? "मी तुमच्या बाईची पोरगी. आवाजावरनं वळखलं. मायले तुम्ही अशेच दर घडीले इचारत, बाई, बल्ब बंद त नाई झाला?"

बाई, आम्ही बाकावर बसलो. चाळीस वर्षं गप्प बसलेला माणूस, त्या लोकांच्या गर्दीत, नंबर पुकारत असताना, तिला म्हणालो, "ते मांजर नव्हतं. मी तट्टे सोडले होते."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती. "भाऊ, मालूम हाय ना! आमच्या घरी त ते मांजर लई नावाजलेलं होतं. माय म्हणे, मांजरानं तेवीस पिल्लं मारली आन् मंग चारी तट्टे नवीन सुतळीनं बांधून गेलं. तेबी डावखुऱ्या गाठीनं. घरात कोनी खोटं बोललं का माय म्हणे, आलं वाटते मांजर!"

माझी गाठ डावखुरी पडते हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

मग मी ऑर्डरचं विचारलं. धीर करून विचारलं, कारण हसून घेणं वेगळं आणि पोटावर पाय येणं वेगळं. तर ती म्हणाली, "तुमच्यापायी? कोनी सांगतलं? त्या साली कोनाचीच ऑर्डर नाई निघाली, साऱ्या जिल्ह्याची अडली होती. दुसऱ्या साली दिवाळीच्या आधी निघाली. यादीत मायचं नाव पयलं. पेनशन खाल्ली ना मायनं, मरेपर्यंत." मी तिला पुन्हा विचारलं, नक्की पहिलं? ती म्हणाली, पयलं. मी म्हटलं, आणि साहेबांनी वहीत लिहिलं होतं ते? ती म्हणाली, "साहेब काय लिवन? जाळी आनाची म्हणून लिवलं असन. जाळी आली होती नवीन."

जाळी आली होती. मी हे चार वेळा म्हणून पाहिलं.

एक गोष्ट मी तिला शेवटी विचारली, तिच्या यजमानांचा नंबर लागत होता तेव्हा. बाईंना कळलं होतं तर दोष स्वतःवर कशाला घेतला? ती उठता उठता म्हणाली, "म्याबी इचारलं होतं. माय म्हणे, एकट्यानं पिल्लं न्याचा त्याचा पयला दिवस होता आन् मी नव्हती. मी असती त तो भेला नसता. मंग चूक माहीच." एवढं म्हणाली आणि आत गेली.

तिथून निघालो आणि बसस्टँडवर उभ्या उभ्या दोन प्लेट भजी खाल्ली, तेलकट वर्ज्य असताना. कित्येक वर्षांत अन्नाची अशी चव लागली नव्हती. घरी येताना खिडकीतून धानाच्या बांध्या दिसत होत्या, त्या कुणीतरी पुसून ठेवल्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या, आणि डोळ्यांत तर अजून औषध होतं. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी तुम्ही इतकी वर्षं कोंबडी खाल्ली नाही? मला वाटलं पोटाला सोसत नाही." रात्री झोपलो तो सकाळी चहा घेऊन तिनेच उठवलं.

आता हलकं वाटतं, बाई, हे अगदी खरं आहे. पण तुम्ही मला ओळखता. आठ दिवस हलकं वाटलं आणि मग एक एक किडा वळवळायला लागला. तुमची लेक भली आहे, म्हाताऱ्याचं मन राखायला बोलली नसेल ना? नाव पहिलंच होतं ना, की दुसरं-तिसरं? आणि थोडा रागही आला, लिहू नये पण लिहितो. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तर एकदा तोंडावर बोलून का टाकलं नाही? दोन शिव्या घातल्या असत्या तर मी पळालो नसतो. तुम्ही वाट पाहत होता की मी सांगेन, आणि मी वाट पाहत होतो की तुम्ही विचाराल.

हे पत्र टाकायला पेटी नाही, मला कळतं. लेकीचा पत्ता घ्यायचा राहून गेला, आणि असता तरी तिला पाठवलं नसतं, ती पुन्हा हसली असती. घडी करून उशीच्या अभ्र्यात ठेवतो. तरी तुमच्याकडून एक शब्द यावा असं वाटतं, की काही मनात नाही. स्वप्नात येऊ नका, मला स्वप्नं सकाळी आठवत नाहीत. दुसरं कसंही कळवा, पण लवकर कळवा. फार उशीर केलात तर मीच तिकडे येऊन पोचेन, आणि बाई, तुमच्यासमोर उभं राहून विचारायचा धीर मला तिथेही होणार नाही.